सर्पगंधेची मुळी, खाजकुयलीचं बी

१९५७ सालची गोष्ट. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात आर्विड कार्लसन आणि त्यांचे सहकारी सशांवर प्रयोग करत होते. सशांना त्यांनी रेसर्पिन नावाचं औषध दिलं. ससे निपचित झाले, हालचाल जवळजवळ थांबली. मग त्यांना डोपा नावाचा दुसरा पदार्थ टोचला. पंधरा-एक मिनिटांत ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. डोपामाइन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे, हे समजण्याची वाट या प्रयोगाने खुली झाली. त्यातूनच कंपवातावरच्या उपचाराला दिशा मिळाली आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

या प्रयोगाची मुळं आपल्या रानात आहेत. रेसर्पिन मूळचं सर्पगंधेच्या मुळीतलं. आणि डोपाचं जे रूप मेंदूच्या कामी येतं ते एल-डोपा खाजकुयलीच्या बियांत ठासून भरलेलं असतं. वजनाच्या साधारण चार-पाच टक्के, कधी त्याहूनही जास्त. कार्लसन यांनी तयार रसायन वापरलं होतं, खाजकुयलीचं बी नव्हे. तरी रेणू तोच. सह्याद्रीच्या ओलसर रानात उगवणाऱ्या या दोन वनस्पती. एकीचा रेणू मेंदूतलं डोपामाइन रिकामं करतो, दुसरीचा ते पुन्हा भरून काढतो. कुणी ठरवून जोडी लावली असती तरी इतकी चपखल जमली नसती.

आज या दोघींपैकी खाजकुयली ‘कौंच बीज’ या नावाने कॅप्सूलमध्ये मिळते. शेजारच्या फळीवर अश्वगंधा, गुळवेल, शतावरी, हळदीचा अर्क, शेवग्याची पावडर. डब्यावर हिरवं पान काढलेलं असतं आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं लिहिलेलं असतं. घेणारा मनात त्याचा अर्थ लावतो की यात अपाय काही नाही. सर्पगंधेची गोष्ट नीट ऐकली तर हा अर्थ टिकत नाही. वनस्पतीचं मोठेपण मात्र तसूभरही कमी होत नाही, उलट वाढतं.

सर्पगंधा दिसायला साधं झुडूप. फार तर गुडघ्या-मांडीएवढं. एकेका पेऱ्यावर बहुधा तीन-तीन पानं, तांबड्या देठांवर पांढरट गुलाबी फुलांचा झुपका, आणि पिकल्यावर काळीभोर होणारी छोटी फळं. खरा ऐवज जमिनीखाली असतो. मुळी वाकडीतिकडी, कडूजहर, आणि तिच्यातली बहुतेक अल्कलॉइडं सालीत साठलेली. झोप न येणाऱ्याला आणि वेडाचे झटके येणाऱ्याला ही मुळी द्यायची पद्धत आपल्या देशात फार जुनी. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबावरही चालते असं लिहिलं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातून एक अल्कलॉइड वेगळं केलं आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला अजमलिन म्हटलं.

जगाचे डोळे उघडले ते मुंबईमुळे. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन काय झालं त्याची शिस्तीत नोंद ठेवली आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ती छापली. रक्तदाब उतरवणारी धड औषधं तेव्हा जगात कुठेच नव्हती. तीन वर्षांत, १९५२ साली, स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन वेगळं केलं. पुढे अमेरिकेत ते रक्तदाबासाठी आणि मनोविकारांसाठीही वापरात आलं. १९५७ साली, म्हणजे सशांच्या प्रयोगाच्याच वर्षी, डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

ही मुळी शरीरात नेमकं काय करते? आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी अतिसूक्ष्म पिशव्या असतात. डोपामाइन, नॉरॲड्रेनॅलिन असे निरोपे त्यांत भरून ठेवलेले असतात. संदेश आला की पिशवी फुटते आणि निरोप्या बाहेर पडतो. पिशव्या भरण्यासाठी त्यांच्या पडद्यात एक पंप असतो. रेसर्पिन जाऊन या पंपाला घट्ट चिकटतं. पंप बंद पडला की बाहेर राहिलेल्या निरोप्यांचा पेशीतच चुरा होतो आणि पिशव्या रिकाम्या पडतात. रक्तवाहिन्यांजवळच्या तंतूंत नॉरॲड्रेनॅलिन उरलं नाही की वाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. मेंदूतल्या पिशव्याही रिकाम्या होतात, मन शांत होतं, झोप लागते. औषध सुटलं तरी परिणाम लगेच सरत नाही, कारण पंप नव्याने तयार होऊन यायला बरेच दिवस जातात.

ज्या कारणाने रक्तदाब उतरतो त्याच कारणाने माणूस सुस्तावतो, नाक चोंदतं, काहींना खोल उदासी येते, काहींचे हातपाय कंपवाताच्या रुग्णासारखे जड होतात. म्हणून रेसर्पिन हळूहळू मागे पडलं आणि नवी औषधं पुढे आली. वनस्पतीच्या औषधाबद्दल मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे. गुण एका कप्प्यात आणि दोष दुसऱ्या कप्प्यात, अशी वाटणी वनस्पतीत नसते. एकच रेणू एकच काम करतो. किती प्रमाणात, कुणाच्या शरीरात आणि आणखी कशाच्या सोबतीने, यावर त्या कामाला गुण म्हणायचं की दोष हे ठरतं.

आता खाजकुयलीकडे वळू. पावसाळ्यात झाडावर चढणारा हा वेल, जांभळट काळ्या फुलांचे लोंबते घोस, आणि नंतर इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या शेंगा. शेंगांवर सोनेरी तपकिरी लव असते. ती अंगाला लागली की काय होतं ते रानात फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. या लवेत मुकुनेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर असतं. ते कातडीतल्या खाजेच्या तंतूंना थेट चेतवतं. शेंगेच्या आत मात्र गुळगुळीत, टणक, चमकदार बिया. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून एल-डोपा वेगळं करून दाखवलं. कार्लसन यांच्या सशांना अजून वीस वर्षं अवकाश होता. कपिकच्छू या नावाने हे बी आयुर्वेदात वातविकारांसाठी त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होतं.

डोपामाइन तोंडावाटे घेतलं तर मेंदूत शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पहारा त्याला अडवतो. एल-डोपा हे अमिनो आम्ल असल्यामुळे प्रथिनांच्या रस्त्याने आत जातं आणि तिथे त्याचं डोपामाइन होतं. पण बरंचसं एल-डोपा वाटेतच, आतड्यात आणि रक्तात, डोपामाइन होऊन बसतं. त्याने मळमळ होते, रक्तदाब पडतो. म्हणून कंपवाताच्या गोळीत एल-डोपासोबत कार्बिडोपा घातलेलं असतं. ते ही वाटेतली गळती रोखतं. बियांच्या कॅप्सूलमध्ये ही सोय नसते. कंपवाताची गोळी चालू असलेल्या माणसाने ताकदीसाठी म्हणून कौंच बीज सुरू केलं, तर तो नकळत आपल्या औषधाची मात्रा वाढवत असतो. आणि मनोविकाराची काही औषधं डोपामाइनचं काम रोखून गुण देतात. ती घेणाऱ्याच्या शरीरात औषध आणि कौंच बीज एकमेकांविरुद्ध ओढतात.

वनस्पती हे सगळं बनवतात कशासाठी? आपल्यासाठी नक्कीच नाही. झाडाला पळता येत नाही. पान खाणारी अळी, मूळ पोखरणारा किडा, चरणारं जनावर, शेजारी उगवून माती बळकावणारं दुसरं रोप, या सगळ्यांशी त्याला एका जागी उभं राहून लढायचं असतं. ही लढाई ते रसायनांनी लढतं. खाजकुयलीचं एल-डोपा किड्यांना बी खाऊ देत नाही आणि आसपासच्या रोपांची वाढही रोखतं. हळदीचं करक्युमिन, मिरीचं पिपरिन, कुचल्याचं स्ट्रिक्निन, तंबाखूचं निकोटिन हे सारं याच कारखान्यातलं. किड्याच्या मज्जातंतूवर बेतलेला रेणू माणसाच्या मज्जातंतूवरही चालतो, कारण कीटकांचे आणि आपले निरोपे बऱ्याच अंशी सारखेच. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका समान पूर्वजाची ती ओळख आहे. रानातली मुळी आपल्या रक्तदाबाला हात घालू शकते ती या नात्यामुळे.

लढाईची रसायनं असल्यामुळे ती सगळीकडे सारखी नसतात. मुळीत एक, पानात दुसरं. कोवळ्या मुळीत कमी, जून मुळीत जास्त. माती, पाऊस, तोडणीचा महिना, वाळवण्याची पद्धत, सगळ्याने प्रमाण बदलतं. जुन्या वैद्यांना हे पक्कं माहीत होतं. कोणता भाग, कोणत्या ऋतूत, कसा शुद्ध करून, कशाबरोबर द्यायचा, हे त्यांनी ग्रंथांत लिहून ठेवलं. बिब्बा विटेच्या चुऱ्यात घालून त्याचं तेल काढायचं, कुचला गोमूत्रात भिजवून, दुधात उकळून, तुपात परतायचा, कपिकच्छूच्या बिया दुधात शिजवून वरची साल काढायची. यातलं प्रत्येक पाऊल मात्रा हातात ठेवण्यासाठी आहे. अश्वगंधेतही परंपरा मुळीची आहे. कॅप्सूलवाल्यांनी स्वस्त पडतात म्हणून पानं मिसळायला सुरुवात केली, तेव्हा आयुष मंत्रालयाला २०२१ मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका असं सांगावं लागलं. मुळीच्या काही छोट्या चाचण्यांत ताण आणि झोपेबाबत फायदा दिसला आहे. पण त्या काही आठवड्यांच्या आहेत. वर्षानुवर्षं घेण्याचा भरवसा त्यावरून देता येत नाही. थायरॉइडच्या रुग्णांनी आणि गर्भवतींनी तर अश्वगंधा आपल्या मनाने घेऊच नये.

हळदीची गोष्ट याहून जवळची. सांगली, हिंगोली, वायगाव ही हळदीची नावं आपल्याकडे कौतुकाने घेतली जातात. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जखमेवर हळद लावण्यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुराव्यात मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. त्या झगड्यातून पारंपरिक ज्ञानाची डिजिटल नोंदवही उभी राहिली.

आता भाजीतली हळद आणि कॅप्सूलमधली हळद शेजारी ठेवून पाहू. हळद पावडरीत करक्युमिन साधारण तीन टक्के. चहाचा एक चमचा हळद, म्हणजे तीनेक ग्रॅम, पोटात गेली तर करक्युमिन ९०-१०० मिलिग्रॅम. बाजारातल्या एका कॅप्सूलमध्ये बहुधा ५०० मिलिग्रॅम अर्क असतो आणि त्यात ९५ टक्के करक्युमिनसदृश द्रव्यं. घरातलं कुणी दिवसाला पाच चमचे हळद खात नाही. कॅप्सूल मात्र दिवसाला दोन घेतल्या जातात.

तरीही फारसं रक्तात पोचत नाही, आणि त्याचं कारण विलक्षण आहे. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात अशी विकरं बसलेली असतात की ती जकात नाक्यासारखी बाहेरून आलेला प्रत्येक रेणू तपासतात, त्याला खूण चिकटवतात आणि लघवी-पित्तावाटे बाहेर काढायला पाठवतात. झाडांनी लढाईची रसायनं बनवली म्हणून प्राण्यांनी हा नाका उभा केला. करक्युमिनला तो क्षणात परतवतो. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना दोन ग्रॅम करक्युमिनसोबत फक्त २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे काळ्या मिरीतलं तिखट द्रव्य, दिलं. रक्तात पोचणारं करक्युमिन २००० टक्क्यांनी वाढलं! मिरीने नाक्यावरची तपासणीच मंदावली. तेव्हापासून हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालण्याची रीत पडली.

पण नाका मंदावला की तो सगळ्यांसाठीच मंदावतो. फिट्सवरचं फेनिटॉइन, दम्यावरचं थिओफायलिन, हृदयासाठीचं प्रोप्रॅनोलॉल, यांचं रक्तातलं प्रमाणही पिपरिनने वाढतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. आमटीतली चिमूटभर मिरी वेगळी आणि रोज ठरलेल्या वेळी घेतलेला अर्क वेगळा. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटशी जोडलेले दहा रुग्ण मांडले. एक दगावला होता. दहांपैकी सात जणांच्या रक्तात एकच विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली. लाखो लोक हळद पचवतात आणि मोजक्यांचं यकृत बिघडतं, त्यामागे असं जन्मजात कारण असू शकतं. आपल्या शरीरात ती खूण आहे की नाही, हे कॅप्सूल घेणाऱ्याला माहीत नसतं.

नाका उलट वेगानेही चालवता येतो. युरोपात उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही पिवळ्या फुलांची वनस्पती या विकरांची संख्या वाढवते. मग औषध नेहमीपेक्षा लवकर बाहेर फेकलं जातं. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन नोंदी आल्या. एकीत एचआयव्हीवरच्या इंडिनाव्हिर या औषधाचं रक्तातलं प्रमाण या वनस्पतीमुळे निम्म्याहून खाली आलेलं दिसलं. दुसरीत झ्युरिकमधल्या दोन रुग्णांनी ही वनस्पती सुरू केल्यावर त्यांचं शरीर प्रत्यारोपित हृदय नाकारू लागलं, कारण ते नाकारलं जाऊ नये म्हणून चालू असलेलं औषध रक्तात टिकत नव्हतं. संततिनियमनाच्या गोळ्यांचंही असंच होतं.

ज्येष्ठमधाची तऱ्हा आणखी निराळी. खोकल्यावर दोन-चार दिवस चघळलं तर घसा निवतो. महिनोन् महिने भरपूर घेतलं तर त्यातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक विकर बंद करतं, शरीरात मीठ साचतं, पोटॅशियम घसरतं आणि रक्तदाब चढतो. ज्याची रक्तदाबाची गोळी चालू आहे त्याने हे ध्यानात ठेवायला हवं.

गुळवेलीने मुंबईला हा धडा कोविडच्या काळात दिला. गुळवेल ओळखायला सोपी: हृदयाच्या आकाराचं पान, कागदासारखी सुटणारी वरची साल, नखाने खरवडलं की आतला हिरवा रंग, आणि काडी आडवी कापली की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. २०२० मध्ये घरोघरी तिचे काढे उकळले गेले, कुणी रोज, कुणी दिवसातून दोनदा. त्या वर्षीच्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. सगळे गुळवेल घेत होते. यकृताचा तुकडा तपासला तेव्हा शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. हा अहवाल आल्यावर आयुष मंत्रालयाने म्हटलं की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्याच कुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल चुकून घेतली गेली असावी. ती वेलही गुळवेलीसारखीच, फक्त खोडावर गाठी जास्त. पुढे देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद छापली. वाद अजून पुरता मिटलेला नाही. एवढं मात्र दोन्ही बाजूंना मान्य व्हावं: वेल कोणती याची खात्री नसेल तर काढा पिऊ नये, आणि थायरॉइड, संधिवात, मधुमेहाचा पहिला प्रकार अशा प्रतिकारशक्तीच्या आजारांत ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ काहीही वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

वनस्पतीचं सप्लिमेंट म्हणजे धोकाच, असं म्हणायचं मुळीच नाही. इसबगोल पाहा. बियांचं टरफल, पाण्यात टाकलं की फुगून बुळबुळीत होणारं. ते रक्तात जातच नाही. आतड्यात पाणी धरून ठेवतं, मल मऊ करतं, पित्ताम्लं बांधून कोलेस्टेरॉलही थोडं उतरवतं. त्याचा पुरावा इतका भक्कम की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये हृदयासाठीचा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली. अट एकच: भरपूर पाणी प्यायचं, नाहीतर घशात किंवा आतड्यात त्याचा गोळा होतो. उपयोग कळला, प्रमाण कळलं, अट कळली, की वनस्पती निर्धास्तपणे घरात ठेवता येते.

हे कळावं म्हणून कायदा आहे. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायदा १९४० सालचा. आयुर्वेदिक औषधांचं स्वतंत्र प्रकरण त्यात १९६४ मध्ये आलं. परवाना राज्य सरकार देतं. महाराष्ट्रात ते काम राज्याचं अन्न व औषध प्रशासन करतं. बाजारातली बाटली तीनपैकी एका वाटेने आलेली असते. पहिली वाट शास्त्रोक्त औषधाची: चरकसंहिता, अष्टांगहृदय, शार्ङ्गधरसंहिता, भैषज्यरत्नावली अशा कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या ग्रंथांत पाठ जसा दिला आहे तसाच बनवायचा. त्याला नव्याने चाचण्या मागितल्या जात नाहीत. ग्रंथ हाच आधार. दुसरी वाट स्वामित्वाच्या, म्हणजे पेटंट-प्रोप्रायटरी औषधाची: घटक ग्रंथांतले, मिश्रण कंपनीचं. त्यासाठी २०१० पासून सुरक्षिततेचा आणि परिणामाचा काही पुरावा द्यावा लागतो. तिसरी वाट अन्नाची. न्यूट्रास्युटिकल म्हणून विकलं जाणारं सप्लिमेंट एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांखाली येतं. त्यावर ते औषधी वापरासाठी नाही असं छापणं बंधनकारक आहे आणि रोग बरा होतो असा दावा करायला मनाई आहे. एकच अश्वगंधा या तिन्ही वाटांनी दुकानात येऊ शकते, आणि प्रत्येक वेळी तिच्यामागचा पुरावा वेगळ्या वजनाचा असतो.

कायद्याने विषारी द्रव्यांचीही यादी केलेली आहे. परिशिष्ट ई-१ मध्ये बचनाग, कुचला, धोतरा, गुंज, बिब्बा, कण्हेर, कळलावी, रुई ही नावं आहेत, आणि पाऱ्याची, सोमलाची खनिजंही. ही ज्या औषधात पोटात घेण्यासाठी असतील त्याच्या लेबलावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना असलीच पाहिजे. आणि १९५४ चा जादुई उपायांविरुद्धचा कायदा मधुमेह, कर्करोग यांसह ५४ आजार बरे करण्याच्या जाहिरातीला बंदी घालतो. मधुमेह मुळापासून बरा करू म्हणणारी जाहिरात दिसली की ती कायदा मोडते आहे, एवढं आपल्याला लगेच ओळखता येतं.

परदेशात राहणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यायला हवी. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने सप्लिमेंट अन्नाच्या बाजूला टाकलं. विक्रीआधी त्याला सरकारी मंजुरी लागत नाही, अपाय सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर. एफेड्रा या वनस्पतीची वजन उतरवणारी सप्लिमेंट्स हृदयविकाराचे झटके आणि मृत्यूंशी जोडली गेली, तरी बंदी यायला २००४ उजाडलं. त्याच वर्षी बोस्टनच्या आसपासच्या भारतीय दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली; १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. काहींत ही द्रव्यं रसशास्त्राच्या, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधं बनवण्याच्या, पद्धतीने मुद्दाम घातलेली असतात, काहींत ती भेसळीतून किंवा मातीतून येतात. लहान मुलाच्या वाढत्या मेंदूला या फरकाने काही दिलासा मिळत नाही. शिसं कुठल्याही वाटेने आलं तरी शिसंच. म्हणून आजीने भारतातून पाठवलेली लेबल नसलेली बाळगुटी किंवा पुडी मुलाला देण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरांना दाखवावी.

सर्पगंधा आज रानात विरळ झाली आहे. मुळी हवी म्हणजे झाड उपटावं लागतं. मागणी वाढली तशी रानं रिकामी झाली. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून सायटिस करारान्वये नियंत्रण आहे. जे आपल्याला इतकं देतं ते जपून वापरणं हा आरोग्याचा जसा नियम, तसाच रानाचाही.

पुढच्या वेळी डबा हातात घ्याल तेव्हा पुढचं पान न पाहता मागची बारीक अक्षरं वाचा. वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि कोणता भाग वापरला आहे, एका मात्रेत अर्क किती मिलिग्रॅम, आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना क्रमांक की एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, बॅच आणि मुदत. यातलं काही नसेल तर तो डबा परत फळीवर ठेवा. गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, तर विचारल्याशिवाय काही सुरू करू नका. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी सगळी सप्लिमेंट्स थांबवण्याबद्दल भूलतज्ज्ञांशी बोला. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर घेत असलेलं त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करून घ्या. आणि डॉक्टरांनी ‘कोणती औषधं चालू आहेत’ असं विचारलं की काढा, चूर्ण, कॅप्सूल यांचीही नावं सांगा. आपण ती औषधं म्हणून मोजत नसलो, तरी आपलं यकृत मोजतं.